तत्त्वज्ञानाच्या प्रवेश मुलाखतीची तयारी करताय? या चुका टाळा

तत्त्वज्ञान शिकायला निघालेल्या मुलांच्या सराव मुलाखती मी घेते. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण एक भरलेली वही घेऊन येतो. एका पानावर प्लेटो, एका पानावर कांट, शेवटी पाच-सहा 'वादां'च्या व्याख्या. मेहनत खरी असते, म्हणूनच वाईट वाटतं. कारण पहिल्या दहा मिनिटांत त्या वहीतलं काहीच हाताशी येत नाही आणि मूल गांगरतं. कष्ट कमी पडलेले नसतात, ते भलत्याच गोष्टीवर खर्ची पडलेले असतात.

पदवीच्या प्रवेशासाठी मुलाखत घेणाऱ्या विद्यापीठांत ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही नावं सगळ्यांत ओळखीची. तिथे शिकवणंच असं चालतं की दोन-तीन विद्यार्थी शिक्षकासमोर बसतात आणि लिहून आणलेल्या निबंधावर प्रश्नोत्तरं होतात. मुलाखत म्हणजे त्या तासाची छोटी झलक. शाळेत हा विषय बहुतेकांना नसतोच, हे समोरच्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना पाहायचं असतं ते एवढंच, की एखादा प्रश्न या मुलाच्या सोबतीने पुढे सरकतो का.

'तो अपवाद आहे' म्हणून सुटका करून घेणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त दिसते, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. एका मुलीसोबतचं बोलणं जवळपास जसंच्या तसं देते. मी विचारलं, "खोटं बोलणं म्हणजे काय?"

"जे खरं नाही ते बोलणं."

"माझं घड्याळ बंद पडलंय आणि मला ते माहीत नाही. तू वेळ विचारलीस, मी चुकीची सांगितली. मी खोटं बोलले?"

"नाही. मग… खरं नाही हे माहीत असूनही बोलणं."

"नाटकातला नट म्हणतो, 'मी या राज्याचा राजा आहे.'"

ती थांबली. मग म्हणाली, "त्याला कुणाला फसवायचं नाहीये. म्हणजे फसवायचा हेतू हवा."

"एक साक्षीदार न्यायालयात सांगतो, 'मी तिथे नव्हतो.' तो तिथे होता हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. कुणी फसणार नाही याची त्याला खात्री आहे. तो खोटं बोलला का?"

"बोलला. पण तो अपवाद झाला."

इथे गाडी अडली. व्याकरणाच्या नियमाला अपवाद चालतो, व्याख्येला चालत नाही. प्रतिउदाहरण समोर आलं की तीन वाटा असतात. व्याख्या बदलायची, किंवा हे उदाहरण मुळात खोटं बोलण्याचं नाहीच असं कारण देऊन म्हणायचं, किंवा 'खोटं बोलणं' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं दाखवायचं. तिन्ही वाटा चालतात, पण एक तरी धरावी लागते. 'अपवाद' म्हणणं म्हणजे कुठलीच न धरणं.

मी तिला हेच सांगितलं आणि प्रश्न पुन्हा ठेवला. या वेळी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "साक्षीदार आपल्या शब्दाची हमी देतोय. नट देत नाही. ज्याची हमी देतोय ते खरं नाही हे माहीत असूनही बोलणं, ते खोटं." फार सुंदर उत्तर होतं. मी आणखी एक खडा टाकला: "एकाला वाटतं की गाडी निघून गेली. तुझी धावपळ व्हावी म्हणून तो म्हणतो, 'गाडी अजून उभी आहे.' आणि ती खरोखरच उभी असते." तिने स्वतःहून पहिल्या वाक्याकडे वळून पाहिलं: "म्हणजे माझं पहिलं उत्तर दोन्हीकडून पडलं. बोललेलं खरं नसणं पुरेसंही नाही आणि गरजेचंही नाही."

पर्याप्त अट आणि आवश्यक अट, हे दोन शब्द तिने उच्चारलेही नव्हते. मुलाखत घेणाऱ्याला नेमकं हेच ऐकायचं असतं. तत्त्वज्ञ एडमंड गेटिअर यांचा १९६३ मधला प्रसिद्ध लेख अवघ्या तीन पानांचा आहे आणि त्यातही हेच घडतं. 'ज्ञान म्हणजे सकारण आणि सत्य असलेली समजूत' या व्याख्येसमोर दोन उदाहरणं ठेवली आहेत, ज्यांत तिन्ही अटी पूर्ण होतात, पण त्याला ज्ञान म्हणवत नाही. तयारीसाठी एकच लेख वाचायचा असेल तर मी हा सुचवते. तो पाठ करू नका. दोन्ही उदाहरणं समजल्यावर तिसरं स्वतः रचून पाहा.

मताला चिकटणं, नाहीतर लगेच सोडणं

वादविवाद स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली मुलं इथे हमखास अडकतात. त्यांना बाजू लढवायची सवय असते. समोरच्याने शंका काढली की त्यांना तो हल्ला वाटतो, मग आवाज चढतो आणि तेच वाक्य नव्या शब्दांत परत येतं. दुसऱ्या टोकाची मुलं "हो हो, बरोबर आहे तुमचं" म्हणून लगेच मान डोलावतात. दोन्ही ठिकाणी विचार थांबलेला असतो.

मत बदललं तर गुण जात नाहीत. मात्र कशामुळे बदललं हे बोलून दाखवा: "तुमच्या उदाहरणामुळे माझं दुसरं विधान टिकत नाही, पहिलं अजून टिकतंय असं वाटतं." आणि शंका तुम्हाला पटली नसेल तर ती आधी आपल्या शब्दांत नीट मांडा, मग उत्तर द्या. बऱ्याचदा मांडतानाच कळतं की आपण ती अर्धवट ऐकली होती.

'हे ज्याच्या त्याच्या मतावर आहे'

नीतीचा प्रश्न आला की हे वाक्य आलंच. नम्रपणाचं वाटतं, पण चर्चेचं दार लावून घेतं. ज्याला खरोखर असं वाटतं त्याने पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवावी: गुलामगिरी वाईट, हेही केवळ मत का? आणि 'सगळी मतं सारखीच' हे विधान स्वतः मत आहे की त्याहून काही जास्त? सापेक्षतावाद, म्हणजे बरं-वाईट हे माणसागणिक किंवा समाजागणिक ठरतं असं मानणं, ही गंभीर भूमिका आहे, तिच्या बाजूने बोलायला काहीच हरकत नाही. फक्त ती भूमिका म्हणून मांडा, पळवाट म्हणून नको.

उदाहरणाच्या अटींशी भांडणं

रुळावरच्या पाच जणांकडे निघालेली ट्रॉली दुसऱ्या रुळावर वळवावी का, जिथे एकच माणूस आहे? तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली हे उदाहरण मांडलं; पुढे ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी त्यात ट्रॉली अडवण्यासाठी पुलावरून ढकलल्या जाणाऱ्या माणसाची भर घातली. मुलं म्हणतात, "मी ओरडून सांगेन," "ट्रॉलीला ब्रेक असेलच ना." यात हुशारी दिसते, पण प्रश्न हुकतो. प्रयोगशाळेत तापमान कायम ठेवून दाब बदलतात, तसंच हे आहे. मरणाऱ्यांची संख्या तीच ठेवली आणि मारण्याची रीत बदलली, तर आपला निवाडा का बदलतो? रूळ बदलायला हो म्हणणारी बरीच माणसं ढकलायला नाही म्हणतात. तो फरक कशात आहे ते शोधायचं असतं, आणि ब्रेक लावला की शोधायला काही उरतच नाही.

उदाहरणावर आक्षेप घेऊच नये असं नाही. आधी अटी मान्य करून उत्तर द्या, मग म्हणा, "इथे परिणामांची पूर्ण खात्री धरली आहे. प्रत्यक्षात ती कधीच नसते, त्यामुळे ढकलण्याबद्दलची आपली नाखुशी कदाचित त्या अनिश्चिततेतून येत असेल." हा आक्षेप प्रश्नाला पुढे नेतो.

'विज्ञानाने सिद्ध केलं आहे'

संकल्पस्वातंत्र्यावर, म्हणजे आपले निर्णय खरंच आपण मोकळेपणाने घेतो का यावर, बोलताना मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग बरीच मुलं आणतात. मनगट हलवण्याची इच्छा जाणवण्याआधी साधारण एक तृतीयांश सेकंद मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली, म्हणून माणूस स्वतंत्र नाही, असं ते मांडतात. प्रयोग खरा आहे. पण त्यापासून या निष्कर्षापर्यंत मोठी उडी आहे आणि मुलाखत घेणारा नेमका तिथेच थांबवणार. ती आधीची हालचाल म्हणजे 'निर्णय' हे कशावरून? मनगट केव्हाही हलवायचं आणि नोकरी सोडायची की नाही हे ठरवायचं, या दोन्हींना एकच शब्द लागू आहे का? मेंदूतली ती हालचाल 'मी' नसून दुसरं कुणी आहे, असं का धरायचं? प्रयोगाची माहिती जरूर आणा. तिच्यातून निष्कर्ष काढायला मध्ये कोणती न बोललेली आधारविधानं लागतात, तेही सोबत आणा.

अर्जात लिहिलं, पण वाचलं नाही

ही चूक सांगायला सोपी आणि सावरायला अवघड. सारांश वाचून पुस्तकाचं नाव लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. मुलाखतीला दोन आठवडे उरले असतील तर नवं वाचणं बंद करा आणि जे लिहिलंय ते पुन्हा वाचा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं नाव लिहिलं असेल तर त्याच्या 'मेडिटेशन्स' या पुस्तकातल्या सहा चिंतनांतलं निदान पहिलं आणि दुसरं नीट वाचा, फार मोठी नाहीत ती. त्याच्याबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. १६४१ मध्ये ते पुस्तक छापताना त्याने हॉब्ज, आर्नो, गासांदी यांच्यासारख्या त्या काळच्या विचारवंतांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली आपली उत्तरं सोबतच छापली. १६४३ मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने त्याला पत्रातून विचारलं, की मन जर जागा न व्यापणारं असेल तर ते शरीराला हलवतं कसं? हा प्रश्न विचारायला तिला शब्दांचा डोंगर रचावा लागला नाही. तुम्ही नाव घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल असा एक साधा, खरा अडलेला प्रश्न तुमच्याकडे हवा. 'कांट असं म्हणतो' यापुढे 'का म्हणतो, आणि मला कुठे पटत नाही' हे नसेल, तर कांटचं नाव न घेतलेलं बरं.

'तत्त्वज्ञानच का?' या प्रश्नालाही हेच लागू. 'मला लहानपणापासून जीवनाविषयी प्रश्न पडतात' हे सगळेच सांगतात. तुम्हाला पडलेला एक नेमका प्रश्न सांगा आणि त्यावर तुम्ही कुठवर पोचलात तेही. ऑक्सफर्डला अर्ज केला असेल तर आणखी एक: तिथे पदवीला नुसतं तत्त्वज्ञान नाही, ते नेहमी दुसऱ्या विषयासोबत असतं. अर्थशास्त्र-राज्यशास्त्र असो की गणित, त्या दुसऱ्या विषयाची तयारी विसरलेली मुलं मी पाहिली आहेत.

'जर-तर' उलटं वाचणं

तर्काचं छोटं कोडं येऊ शकतं. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं कोडं आपल्या अक्षरांत करून पाहा. चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे तपासायला कोणते पत्ते उलटावेच लागतील? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. चुकलात तर घाबरू नका, हुशार माणसं इथे चुकतात. मात्र 'स्वर असेल तर सम' आणि 'सम असेल तर स्वर' यांतला फरक कागदावर मांडायची सवय लावा. कागद-पेन जवळ ठेवा, मुलाखत ऑनलाइन असली तरी.

गप्प राहण्याची भीती

प्रश्न संपायच्या आत बोलायला सुरुवात करणारी मुलं पहिल्या वाक्यात अडकतात आणि उरलेला वेळ ते वाक्य वाचवण्यात घालवतात. "मला अर्धा मिनिट विचार करू द्या" हे म्हणायला परवानगी आहे. प्रश्न कळला नसेल तर "तुम्हाला असं विचारायचंय का?" असं म्हणून आपल्या शब्दांत मांडून बघा. पण अर्ध्या मिनिटानंतरही काही सुचलं नाही, तर डोक्यात काय चाललंय तेच मोठ्याने बोला: "मी दोन शक्यतांमध्ये अडकलोय, पहिली अशी…" समोरच्याला मदत करायची असते, पण कुठे अडलंय हे दिसल्याशिवाय तो ती कशी करणार?

मोठ्याने विचार करणं सरावानेच येतं, आणि ज्या भाषेत मुलाखत आहे त्याच भाषेत तो सराव व्हायला हवा. मनात एका भाषेत उत्तर जुळवून दुसरीत उतरवायला गेलं की 'पण', 'म्हणून', 'तरीही' हे जोडशब्द गळतात, आणि सगळा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा असतो. रोज दहा मिनिटं घरातल्या किंवा ओळखीच्या कुणालातरी समोर बसवा. तत्त्वज्ञान माहीत नसलेलं माणूस उत्तम. 'मेलेल्या माणसावर अन्याय होऊ शकतो का?', 'वचन दिल्याने कर्तव्य कसं तयार होतं?' असा एक प्रश्न घ्या आणि प्रत्येक उत्तरावर त्यांना फक्त 'का?' विचारायला सांगा. सराव मुलाखती मात्र तीन-चारपेक्षा जास्त नकोत. त्यापुढे उत्तरं घोटलेली वाटायला लागतात आणि ते लगेच ऐकू येतं.

आणि एक, बाहेर पडल्यानंतरचं. दार लागलं की खरं उत्तर सुचतं, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. काही ठिकाणी एकापेक्षा जास्त मुलाखती असतात आणि पहिलीची रुखरुख घेऊन दुसरीत शिरणं ही शेवटची, टाळता येणारी चूक. सुचलेलं उत्तर एका कागदावर लिहा, कागद बॅगेत टाका, आणि पुढच्या खोलीत नवा प्रश्न ऐकायला मोकळ्या मनाने जा.