वरचा मजला पाहुण्यांना देताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री अकराला बेल वाजली. वरच्या मजल्यावर उतरलेला मुंबईचा मुलगा दारात उभा, घामाने निथळत. "काकू, कूलर बिघडलाय. सगळं दमट झालंय, चादरसुद्धा चिकट लागतेय." वर जाऊन पाहिलं, तर कूलर छान घरघरत होता. टाकी भरलेली, पंप चालू. पठ्ठ्याने मात्र एसी लावल्यासारखी दारं-खिडक्या गच्च बंद करून घेतली होती. समोरची खिडकी चार बोटं उघडली आणि पंधरा मिनिटांत खोली गार झाली.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. आत आली तेवढी हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोलीत नुसती वाफ साठते. नागपूरच्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही, म्हणून पाहुण्याला सांगायचंही आपल्याला सुचत नाही. आता कूलरच्या वर एक कागद चिकटवला आहे: "खिडकी उघडी ठेवा. आधी पंप, पाच मिनिटांनी पंखा." त्या दिवसापासून कूलरची तक्रार आलेली नाही.

मी त्रिमूर्तीनगरात राहते. मुलगी पुण्याला गेली, वरच्या दोन खोल्या आणि किचन रिकामं पडलं, म्हणून चार वर्षांपूर्वी ते रोजाने द्यायला लागलो. सुरुवातीला इंटरनेटवरचे सल्ले वाचून बाल्कनीत झोपाळा टांगला, दिव्यांच्या माळा सोडल्या, वर्णनात 'निवांत वीकेंड' वगैरे लिहिलं. पहिल्या चार महिन्यांत निवांत असा एकही माणूस आला नाही. आले ते असे: यवतमाळहून बायपाससाठी आलेले आजोबा, परीक्षेला आलेल्या दोन मुली, कार्यालयात खोल्या पुरल्या नाहीत म्हणून इकडे वळवलेलं अर्धं वऱ्हाड, आणि वाघ पाहायला निघालेले बंगाली काका-काकू. नागपुरात पाहुणा बहुतेक वेळा काहीतरी काम घेऊनच येतो. ते काम न ओळखता घर सजवलं, ही माझी सगळ्यात महाग पडलेली चूक.

पायऱ्या लपवू नका

रामदासपेठ-धंतोलीतली हॉस्पिटलं, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मिहानमधलं एम्स, जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट. इथे सगळा विदर्भ तर येतोच, वर छिंदवाडा, बालाघाट, बैतूलचे पेशंटही येतात. त्यांच्यासोबतच्या माणसांना झोपाळा नको असतो. कमोड हवा, जिन्याला धरायला कठडा हवा, मुगाची खिचडी टाकता येईल असं किचन हवं. आणि डिस्चार्ज एक दिवस पुढे गेला तर राहू देईल असा मालक हवा.

माझ्याकडे वर जायला १९ पायऱ्या आहेत. पहिल्या वर्षी मी ते लिहिलंच नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी जिन्यापाशी आल्या, वर पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. ह्यांनी आणि रिक्षावाल्याने खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं. त्यांच्या मुलाने तोंडाने काही म्हटलं नाही, पण नंतर दोनच तारे दिले, आणि ते बरोबरच होतं. आता पायऱ्यांचा फोटो दुसऱ्याच नंबरवर आहे. बुकिंग थोडी कमी होतात, पण भांडण होत नाही.

फोटोंचं इतकंच: कॅमेऱ्याची किमया करून दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दाखवू नका. माणूस आत आल्याबरोबर मनात मोजतो.

वेळेचा हट्ट

'चेक-इन दुपारी १२' असं छापून ठेवायला सोपं आहे. पण मुंबईहून दुरांतो आणि विदर्भ एक्सप्रेस सकाळी येतात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण उघडल्यावर तर ७०१ किलोमीटर गाडी हाणत लोक रात्री दोनला फोन करतात, "लोकेशन दाखवतंय, पण गल्ली कोणती?" आणि ताडोब्याच्या कोलारा गेटला सकाळची सफारी असेल, तर पाहुणा साडेतीनलाच घर सोडतो.

यावर दोन उपाय. आदल्या रात्री कोणी नसेल तर सकाळी खोली देऊन टाका, असेल तर निदान खाली बॅगा ठेवू द्या आणि आंघोळीची सोय करा. त्याने माणूस जेवढा खूश होतो, तेवढा महागड्या उशांनी होत नाही. दुसरं, आकड्यांचं कुलूप असलेली किल्लीची पेटी लावा आणि प्रत्येक पाहुण्यानंतर आकडा बदला. सफारीवाल्यांसाठी चहा-साखर, दूध पावडर आणि किटली वर ठेवून द्या. तुम्हाला साडेतीनला उठायची गरज नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा कोअर भाग बंद असतो. त्या तीन महिन्यांत वाघाच्या भरवशावर दर लावून बसू नका.

एकाच तारखेला दोघं

हे माझ्यावर डिसेंबरात आलं. हिवाळी अधिवेशन म्हणजे नागपुरात खोलीला सोन्याचा भाव. एअरबीएनबी आणि बुकिंग डॉट कॉम दोन्हीकडे घर टाकलं होतं, कॅलेंडर एकमेकांना जोडलेलं होतं आणि मी निर्धास्त. पण ही जोडणी ताबडतोब चालत नाही, एकीकडची तारीख दुसरीकडे लागायला कधी कधी काही तास जातात. तेवढ्यात दोन बुकिंग झाली. एकाला खामल्यातल्या मैत्रिणीकडे पाठवलं, फरकाचे पैसे पदरचे भरले. आपण रद्द केलं तर दंड बसतो आणि एअरबीएनबी चांगल्या मालकांना देतं तो 'सुपरहोस्ट'चा बिल्लाही जातो. तो बिल्ला टिकवायला रद्द करण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आणि गुणांकन किमान ४.८ लागतं. गर्दीच्या दिवसांत घर एकाच ठिकाणी चालू ठेवा, किंवा बुकिंग आलं की स्वतःच्या हाताने दुसरीकडची तारीख बंद करा.

अधिवेशनाची दुसरी भानगड म्हणजे माणसं. बुकिंग दोघांचं आणि गाडीतून उतरतात सहा, सोबत दोन गाद्या. "रात्रभराचा तर प्रश्न आहे ना ताई, ॲडजस्ट करून घ्या." जास्तीच्या माणसाचे किती पैसे, कमाल किती माणसं, हे आधी लिहिलेलं असलं की दारात तोंड वाईट करावं लागत नाही.

दराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि त्या आठवड्यात चौपट दर लावणारे माझ्या ओळखीत आहेत. मी लावत नाही. वर्षानुवर्षं पैसे साठवून, १९५६ साली जिथे बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती जागा पाहायला आलेल्या माणसाकडून तसे पैसे घेणं मला पटत नाही. आणि व्यवहाराचंच बोलायचं तर तीच कुटुंबं पुढच्या वर्षी आधी मला फोन करतात.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण इथेच लोक आपटतात.

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर कळवावं लागतं. याला सगळे अजून 'सी फॉर्म'च म्हणतात. दीक्षाभूमी, कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर आणि वाघ यांमुळे नागपुरात असे पाहुणे वाटतात तितके दुर्मीळ नाहीत. तुमचा अमेरिकेचा पासपोर्ट असलेला भाचा मित्रांना घेऊन आला, तरी पासपोर्ट मागा. आपल्याकडच्या पाहुण्यांचं ओळखपत्र सगळ्यांचं पाहा, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. आधारच्या झेरॉक्सची चळत घरात साठवू नका. पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार चालतं.

फ्लॅट स्कीममध्ये घर असेल तर सोसायटीशी आधी बोला, आणि जमलं तर लेखी घ्या. स्वतः राहत असलेल्या घरातल्या खोल्या देत असाल तर पर्यटन विभागाच्या 'निवास व न्याहारी' योजनेच्या अटी वाचा. विजेचं मीटर घरगुती आणि वापर धंद्याचा असं तपासणीत ठरलं, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, म्हणून महावितरणच्या कार्यालयात जाऊन आधीच विचारून घ्या. ॲपवर पॅन नीट भरा. पॅन किंवा आधार नसेल तर ०.१ ऐवजी ५ टक्के टीडीएस कापतात. परत मिळायला वर्ष जातं.

जिवाशी खेळ

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर आजच काढा. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता पडतो. आपल्या घरचे दार किलकिलं ठेवतात. पाहुण्याला काय माहीत?

लोखंडी कूलरचं अर्थिंग दर उन्हाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ३० मिलीॲम्पियरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. ओल्या हाताने, अनवाणी, कूलरच्या टाकीत पाणी भरताना शॉक बसतो. मी पाहुण्यांना पाणी भरायलाच सांगत नाही, गच्चीवरून नळी काढून टाकीला बॉलकॉक लावला आहे. पावसाळा लागला की टाकी कोरडी करून ठेवा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, म्हणून वर इंडक्शन ठेवलं आहे. फोडणी जरा कमी चुरचुरते, एवढंच.

मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चहा करण्याइतकं तापतं. टाकीवर हिरवी जाळी, स्लॅबला चुना, आणि बाथरूममध्ये सकाळीच भरून ठेवलेली बादली. अंबाझरीच्या बाजूला तळमजला देत असाल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पुराची पहाट आठवा. इन्व्हर्टर आणि वायफायचं यंत्र जमिनीवर ठेवू नका.

कॅमेरा बाहेरच्या फाटकावर लावा आणि तसं वर्णनात लिहा. घराच्या आत, हॉलमध्येसुद्धा, नको. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून आतले कॅमेरे पूर्ण बंद केले आहेत, आणि नसते केले तरी कोण झोपेल अशा घरात?

शेजारी

पहिल्या वर्षी शेजारच्या काकाजींनी मला भर गल्लीत विचारलं, "काय जी वहिनी, लॉज उघडून राहिले का?" चूक माझीच होती. त्यांच्या फाटकासमोर दर दोन दिवसांनी अनोळखी गाडी उभी, रात्री दोनला हॉर्न, आणि मी त्यांना एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. घरी जाऊन संत्रा बर्फी दिली, माझा नंबर दिला, गाडी कुठे लावायची त्याचा नकाशा काढून पाहुण्यांच्या माहितीत टाकला. आता समृद्धीवरून आलेली गाडी रात्री गल्ली चुकली, तर काकाजीच बनियनवर बाहेर येऊन टॉर्च दाखवतात. सकाळी मला विचारतात, "कालचे कुठले होते?"

मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीत गाडी जाणार नाही, हे पाहुण्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. मी एकदा विसरले, आणि विमान चुकलेल्या माणसाचा फोन अजून आठवतो.