गरमागरम पार्सल आणि हार्ट: या चुका टाळा

ऐरोलीत आमच्या ऑफिसखालच्या टपरीवरून चार वाजता कटिंग पार्सल येतं, पातळ पिशवीत, वरून गाठ मारलेली, आणि गरम चहाने ती पिशवी कशी लुळी पडते ते नीट बघा एकदा. मी वर्षानुवर्षं तोच चहा प्यायलोय, पिशवी कशाची बनलीय कोण जाणे. पहिली चूक हीच. गार, कोरड्या वस्तूत प्लॅस्टिकमधलं फारसं काही उतरत नाही, पण उष्णता, तेल आणि वेळ एकत्र आले की उतरतं.

आता यात हार्टचा काय संबंध? कोरियात साठीपुढच्या लोकांना एकदा काचेच्या बाटलीतलं आणि एकदा कॅनमधलं सोयामिल्क दिलं, तर कॅनवाल्या दिवशी दोन तासांनी वरचं बीपी साधारण 4.5 ने जास्त भरलं, कारण कॅनच्या आतल्या कोटिंगमधलं बीपीए नावाचं रसायन. आणि प्लॅस्टिक मऊ करायला डीईएचपी नावाचं थॅलेट प्रकारातलं रसायन वापरतात, त्याच्यामुळे 2018 मध्ये जगात 55 ते 64 वयाचे साडेतीन लाखांवर लोक हार्टच्या आजाराने गेले असा न्यूयॉर्कच्या संशोधकांचा 2025 मधला अंदाज, त्यात भारतातले लाखावर. अंदाजच आहे हां, म्हणून बीपीच्या गोळ्या सोडून डबे बदलत बसू नका.

दुसरी चूक म्हणजे 'मायक्रोवेव्ह सेफ' वाचून निर्धास्त होणं. त्याचा अर्थ डबा वितळणार नाही, त्यातून काहीच उतरणार नाही असा नाही. भाजी चिनीमातीच्या प्लेटमध्ये काढा आणि मग गरम करा, अर्धं मिनिट लागतं. 'बीपीए फ्री'चंही तसंच, बऱ्याचदा त्याजागी त्याचाच भाऊ बीपीएस असतो.

ठाणे स्टेशनबाहेर वडापाव पेपरात घेताय? शाईत शिसं असू शकतं आणि शिशाने बीपी वाढतं, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयनेही पेपर वापरू नका असं 2023 मध्ये परत बजावलंय. सरळ हातात घ्या, नाहीतर डबा न्या.

पार्सल प्लॅस्टिकमध्ये आलंच तर सांबार आल्या आल्या स्टीलच्या पातेल्यात ओता, जेवायला बसेपर्यंत पिशवीत ठेवू नका. चहासाठी आम्ही आता किटली पाठवतो, टपरीवाला उलट खूश, पिशवीचे पैसे वाचतात त्याचे.

राहिले ते ऑनलाइन ऑर्डरचे काळे डबे. आईने धुऊन धुऊन चोवीस जमवलेत (झाकणं सतराच), त्यात रात्रीची गरम आमटी फ्रिजमध्ये जायची. भांडण नको म्हणून फेकले नाहीत, आता त्यात बटणं, रबरबँड आणि लाइट बिलं असतात.