इंदुरात शिकता शिकता गाड्यांचं काम शोधताय? या चुका टाळा

आयटीआयचं किंवा पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष सरत आलं की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मुलं यायला लागतात. समोरच्याचं आडनाव मराठी आहे हे कळलं की हिंदी सोडून मराठीत सुरू होतात, "दादा, काहीही काम द्या." हे 'काहीही'च नडतं. सुपरवायझरच्या डोक्यात त्या दिवशी अडकलेल्या गाड्या असतात. 'काहीही' करणाऱ्या मुलाला तो वॉश बेवर धाडतो आणि मुलगा पुढचे कित्येक महिने तिथंच पाणी मारत राहतो.

त्यापेक्षा असं सांगा: "चाक उतरवून ब्रेक पॅड बदलता येतात, ऑइल सर्व्हिस येते, वायरिंग येत नाही. कॉलेज दोनला सुटतं, तीन ते आठ येईन, रविवारी दिवसभर." येत नाही ते कबूल केलं म्हणून कुणी परत पाठवत नाही. येत नसताना हात घालणाऱ्याची मात्र सगळ्यांनाच धास्ती असते.

पीथमपूरच्या गेटवर घिरट्या

इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतली आयशर, फोर्स, ब्रिजस्टोन ही नावं ऐकतच इथली मुलं मोठी होतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी बायोडाटा घेऊन पीथमपूरला खेपा सुरू होतात. पण कारखाना पाळ्यांवर चालतो. असेंब्ली लाइनवर संध्याकाळपुरता माणूस कुणाला नको असतो. आठ तासांची पाळी, वर राऊकडून जाण्यायेण्याचा वेळ, यात कॉलेज बसत नाही. आयटीआयला परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. ती गेली की वर्ष गेलं. कारखान्यातली रीतसर वाट म्हणजे १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप. ती पूर्णवेळ असते, तिचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि दरमहा स्टायपेंड मिळतो. शिकतानाच कारखाना बघायचा असेल तर आपल्या आयटीआयमध्ये ड्युअल सिस्टमचा वर्ग आहे का ते विचारा. त्यात कंपनीतलं प्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग असतं.

"आत लावून देतो, एवढे द्यावे लागतील" म्हणणारा कोणी भेटला तर चहासुद्धा त्याच्या पैशाने पिऊ नका. पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

नॅट्रॅक्स म्हणजे रेसिंग नव्हे

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक जून २०२१ मध्ये खुला झाला. तेव्हापासून 'आपल्याकडे रेस ट्रॅक आहे, तिथं लागू' हा समज पक्का झालाय. तो ट्रॅक चाचणीचा आहे. तिथलं काम म्हणजे गाडीत वजनं लादून तेच अंतर पुन्हा पुन्हा कापणं, सेन्सर बसवणं, ब्रेकचं अंतर मोजणं, आकडे उतरवून घेणं. मला विचाराल तर शिकण्यासारखं काम हेच आहे. पण ते वाहन कंपन्यांच्या टेस्टिंग विभागांतून मिळतं, गेटवर उभं राहून नाही.

रेसिंगची चूक याहून महागात पडते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, आणि ते चित्र अजून मुलांच्या डोक्यातून जात नाही. प्रत्यक्षात देशातल्या सर्किटवरच्या शर्यती मुख्यतः कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होतात, तेही हंगामातले मोजके शुक्रवार ते रविवार. बारमाही पगारावर ठेवलेले मेकॅनिक थोडे; बाकीचे एरवी गॅरेजातच राबतात. अशा टीमला "नोकरी आहे का" विचारलं की उत्तर येत नाही. "अमुक शर्यतीला तीन दिवस येतो, टायर आणि इंधनाचं काम सांभाळतो" असं विचारलं तर येऊ शकतं. मात्र भाडं आणि राहण्याचा खर्च कोण देणार हे तिकीट काढायच्या आधी लेखी विचारून घ्या.

आणि घराजवळचं दार विसरू नका. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची बाहा स्पर्धा २००७ पासून अनेक वर्षं पीथमपूरलाच होत आलीय. तिच्यात सलग चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत असते आणि रोल केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या संरक्षक सांगाड्याच्या) वेल्डिंगपासून पाने देणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांचा कस लागतो. तुमच्या कॉलेजची टीम असेल तर ड्रायव्हर व्हायच्या रांगेत उभे राहू नका, ती रांग लांब असते. ब्रेक किंवा ट्रान्समिशनची जबाबदारी मागा.

केलेलं काम कुठेच लिहिलेलं नसणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. मुलगा वर्षभर गॅरेजात राबतो आणि मुलाखतीत म्हणतो, "सगळं येतं." वही ठेवा. तारीख, मॉडेल, किलोमीटर, गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, काय तपासलं, काय सापडलं, काय केलं, पुन्हा तक्रार आली का.

उदाहरण घ्या. ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. घाईतला मिस्त्री म्हणतो, डिस्क वाकडी, बदला. वही लिहिणारा मुलगा चाक काढतो, डायल गेज लावून डिस्कचा रन-आउट, म्हणजे फिरताना ती किती डगमगते ते बघतो, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडतो. ही मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते. मग डिस्क उतरवून हबवरचा गंज साफ करतो, परत बसवतो, परत मोजतो. पुष्कळदा आकडा इथंच खाली येतो, म्हणजे दोष डिस्कचा नव्हताच. चाकाचे नट इम्पॅक्ट गनने वेडेवाकडे आवळले असतील तरी हीच थरथर येते, म्हणून टॉर्क रेंचने समोरासमोरचे नट धरून आवळायचे. हे सगळं एका पानावर मावतं, आणि ते पान बघितल्यावर मी तरी प्रमाणपत्र मागत नाही. शर्यतीच्या पिटमध्येही नट टॉर्क करून त्यावर रंगाची खूण करतात, टायरचा दाब सेशनच्या आधी आणि नंतर लिहितात. सवय तीच.

महिना झाला तरी हातात पाना आला नाही? सुपरवायझरकडे रडू नका. एका टेक्निशियनचं नाव घेऊन "यांच्यासोबत लावा" म्हणा, किंवा नव्या गाड्यांचं डिलिव्हरीपूर्व तपासणीचं काम मागा. त्यात चुकीला वाव कमी, म्हणून नवख्याला देतात. तरीही नाहीच, तर गॅरेज बदला. फक्त नव्या ठिकाणी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधला दोष वाचणारं यंत्र, आहे का ते बघा. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या बहुतेक दुचाक्यांवर कार्बोरेटरची उस्तादी चालत नाही.

नारिंगी केबल दिसली की हात मागे. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत तो उच्च दाबाचा प्रवाह असतो, आणि 'ईव्ही शिकतोय' म्हणून शिकाऊ पोराने तिथं बोटं घालायची नसतात.

रील्सबद्दल थोडक्यात. गिऱ्हाइकाच्या गाडीचा नंबर दाखवू नका. चाचणीच्या काळ्यापांढऱ्या नक्षीत झाकलेली गाडी रस्त्यावर दिसली तर बाहेरचा माणूस फोटो काढेल. तुम्ही त्या कंपनीत किंवा तिच्या ठेकेदाराकडे असाल तर काढायचा नाही, नोकरी जाते. सुपर कॉरिडॉरवर रात्री गाडी पळवल्याचा व्हिडिओ तर रेसिंगचा अनुभव म्हणून कुणाला दाखवूच नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि टीमवाले अशा पोराला गाडीजवळ उभं करत नाहीत.

लायसन्स नसेल तर ट्रायल राइडला नाही म्हणा, मालकाने आग्रह केला तरी. पैसे किती, कधी आणि रोख की खात्यात हे पहिल्याच दिवशी ठरवा. "आधी शीक, मग बघू" यातल्या 'मग'ची तारीख विचारा. आणि परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी त्याचा फोटो सुपरवायझरला पाठवा, आदल्या संध्याकाळी नव्हे.