स्क्वेअर डान्सचा कॉलर व्हायचंय? मग आधी आठ सोंगट्या आणा

बरेच जण विचारतात की कॉलिंग, म्हणजे नाचणाऱ्यांना पुढे काय करायचं ते माईकवर सांगत जाणं, शिकायला आवाज चांगला लागतो का. लागतो, पण तो चौथ्या पाचव्या नंबरवर येतो. पहिला नंबर म्हणजे समोरच्या आठ माणसांना फिरवून फिरवून शेवटी आपापल्या पार्टनरपाशी सुखरूप परत आणता येणं. गोड गळ्याचे पण आठ जणांना मधेच लटकवून ठेवणारे कॉलर मी पाहिलेत आणि घोगऱ्या आवाजात अख्खा हॉल दोन तास हसत नाचवणारेही पाहिलेत, आणि लोक पुढच्या वेळी परत येतात ते या दुसऱ्यांकडे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. चार जोड्या चौकोनात एकमेकांकडे तोंड करून उभ्या राहतात. ज्या जोडीची पाठ कॉलरकडे ती एक नंबर, तिथून उजवीकडे मोजत गेलं की दोन, तीन, चार. एक आणि तीन म्हणजे हेड्स, दोन आणि चार म्हणजे साइड्स. पुरुषाच्या उजवीकडे त्याची पार्टनर आणि डावीकडे जी असते ती त्याची कॉर्नर. हे कॉर्नर प्रकरण नीट डोक्यात ठेवा, पुढे सगळा खेळ तिच्यावरच आहे. नाचणाऱ्यांना पुढे काय येणार ते माहीत नसतं, कॉलर बोलेल तसं करत जायचं, आणि सगळी मजा त्यातच आहे.

हा बोलणारा माणूस आला कुठून तेही माहीत असू द्या. क्वाड्रिलसारखे जे नाच युरोपातून अमेरिकेत आले त्यात आकृत्या आधी शिकून, पाठ करून यायला लागायचं. अमेरिकेत मात्र वाजवता वाजवता आकृत्या मोठ्याने सांगायची पद्धत रुळली आणि ती रुळवण्यात काळ्या फिडलवाल्यांचा फार मोठा हात होता, एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांच्या नाचात वाजवणारे आणि कॉल देणारे पुष्कळदा तेच असायचे, त्यातले कितीतरी गुलामगिरीत होते. बहुतेकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. म्हणून मी नव्या माणसाच्या हातात माईक द्यायच्या आधी हे सांगतेच सांगते.

आता कामाला लागू. माईक विकत घ्यायच्या आधी भरपूर नाचा, आणि एकाच जागेवर नाही. हेड म्हणून नाचा, साइड म्हणून नाचा, पुरुषाची जागा आणि बाईची जागा दोन्ही नाचा. स्विंग थ्रू किंवा फेरिस व्हील असा एखादा कॉल दिला की आपले पाय काय करतात ते आपल्याला माहीत असतं, पण पलीकडच्या माणसाचा हात त्या क्षणी कुठे असतो, तो वळून कुणाच्या समोर येतो, हे त्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कॉल दोन्ही बाजूंनी अंगात मुरलेला नसेल तर तो मायक्रोफोनवर बोलू नका, एवढं पथ्य पाळाच.

मग सोंगट्या. चार रंगांच्या आठ, प्रत्येक रंगाच्या दोन, एक पुरुष एक बाई, आणि प्रत्येकीवर पेनाने बाण काढा म्हणजे तोंड कुठे आहे ते कळेल. टेबलावर चौकोन मांडा आणि हाताने एकेक कॉल करून बघा. पहिलाच प्रयोग हा करा: हेड्स स्क्वेअर थ्रू फोर. दोन्ही हेड जोड्या मधे येतात, समोरच्याला उजवा हात देऊन पुढे सरकतात, पाव वळून डावा, परत पाव वळून उजवा, परत वळून डावा, आणि शेवटच्या हाताला न वळता सरळ पुढे. आता बघा, बाहेर पोचलेला प्रत्येक हेड आपल्याच कॉर्नरच्या समोर उभा आहे. म्हणजे इथून थेट अलमांड लेफ्ट म्हणता येतं, कॉर्नरला डावा हात देऊन फिरायचं आणि राइट अँड लेफ्ट ग्रँड करत, म्हणजे एकाआड एक उजवा डावा हात देत पुढे जात, पार्टनर गाठून घरी, म्हणजे आपल्या मूळच्या जागी यायचं. मी पहिल्यांदा हे टेबलावर केलं तेव्हा लाल सोंगटी बरोबर हिरव्याच्या नाकासमोर येऊन थांबली आणि मी खुर्चीतून उठलेच, चार वर्षं हा कॉल नाचत होते पण तो मला कुठे नेऊन सोडतो हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

अलमांड लेफ्ट ही आपली सम आहे असं समजा. मधे कितीही ताना घ्या, शेवटी समेवर यायचं. सुरुवातीला स्वतःची अक्कल लावू नका, पाच सहा छोटे तुकडे तोंडपाठ करा जे हेड्स स्क्वेअर थ्रूपासून सुरू होतात आणि फिरून परत तिथेच येतात. अशा तुकड्याला झीरो म्हणतात, म्हणजे आधी जे होतं तेच नंतरही. स्क्वेअर थ्रूनंतरच्या त्या जागी झीरो हवे तितके घुसवा, सम हलत नाही. प्रत्येक तुकडा पाठ करण्याआधी सोंगट्यांवर तपासा, वहीत उतरवताना एक कॉल गळला तरी समोर हॉलमध्ये बत्तीस माणसं चुकतात.

पुढची गोष्ट वेळ, आणि माझ्या मते नवीन लोक सगळ्यात जास्त मार इथेच खातात. नाच संगीताच्या ठेक्यावर चालतो, मिनिटाला साधारण १२० ते १२८ बीट, आणि प्रत्येक कॉलला त्याची त्याची पावलं लागतात, पूर्ण गोल प्रॉमनेडला, म्हणजे जोडीजोडीने गोल चालायला, १६, ग्रँड स्क्वेअरला ३२. तुम्ही कॉल त्या आधीचा कॉल संपत असतानाच द्यायचा, म्हणजे शब्द कानात पडेपर्यंत हात मोकळा होतो आणि पाऊल बरोबर बीटवर पडतं. उशीर केला की लोक थबकतात, घाई केली की आधीचं अर्धवट टाकून धावतात. हे शिकायला एकच उपाय, मोबाईलवर स्वतःला रेकॉर्ड करा आणि ते लावून स्वतः घरात एकटे चाला. खोटा पार्टनर, खोटा कॉर्नर, पण पाय खरे. पहिल्या दहा मिनिटांत कळेल की आपण माणसांना श्वास घ्यायला वेळच देत नाही. टॅमिनेशन्स नावाचं अ‍ॅनिमेशन आहे त्यात प्रत्येक कॉल आठ ठिपक्यांवर फिरताना दिसतो, तेही सोबत ठेवा.

कान फरशीकडे ठेवायचे. लाकडी फरशीवर पाय न उचलता घासत चालतात त्याचा एकसारखा सर्र सर्र आवाज येतो आणि सगळं नीट चाललं असेल तर तो ठेक्यातच येतो. एखादा स्क्वेअर, म्हणजे आठ जणांचा एक चौकोन, चुकून फुटला की त्या कोपऱ्यातून तो आवाज बंद होतो, बघायच्या आधी ऐकू येतं. फुटलेल्या स्क्वेअरची माणसं समोरासमोर दोन ओळी करून थांबतात आणि कॉलर ओळी कधी करतो त्याची वाट बघतात, त्या क्षणी त्यांना परत सामील होता येतं. तर तुम्ही मुद्दाम लवकर ओळींवर या, त्यांना पुढे मागे करवा, आणि ते मिसळले की मग पुढे जा. मी माझ्या पहिल्या टिपला, म्हणजे नाचाच्या एका फेरीला, हे केलं नव्हतं. तीन स्क्वेअर होते, एक फुटला, आणि मी वहीत बघून लिहिलेलं पूर्ण करत राहिले, ती आठ माणसं चार मिनिटं हात खाली सोडून उभी होती. एक आजी त्यात होत्या, क्लासच्या दुसऱ्याच महिन्यात आलेल्या, त्या परत कधी आल्या नाहीत. त्यानंतर मी वही स्टँडवर ठेवणं सोडलं.

वही सुटली की साइट कॉलिंग आलंच, म्हणजे बघून बघून कॉल देणं. आठही जणांना लक्षात ठेवायला कुणालाच जमत नाही. सुरू करण्याआधी एक जोडी निवडा, त्यांचे कपडे लक्षात ठेवा, आणि त्यांच्या डावीकडची जोडी पण, म्हणजे तुमच्या पुरुषाची कॉर्नर आपोआप आली. मग मनसोक्त फिरवा. घरी यायची वेळ झाली की समोरासमोरच्या ओळींवर आणा, आधी निवडलेल्या जोडीला एकमेकांशेजारी आणा, मग दुसऱ्या जोडीला, आणि पुरुष आपल्या कॉर्नरसमोर आला की अलमांड लेफ्ट. सांगायला तीन वाक्यं, जमायला मला जवळपास दोन वर्षं. सोंगट्या विस्कटून टाका आणि सोडवा, परत विस्कटा, जेवण शिजेपर्यंत एवढंच करत बसा.

टिपचे दोन भाग असतात, आधी पॅटर, म्हणजे नुसत्या ठेक्यावर मोकळं कॉलिंग, आणि नंतर सिंगिंग कॉल, त्यात गाण्याच्या शब्दांच्या मधे मधे कॉल बसवायचे. सिंगिंग कॉलचा सांगाडा ठरलेला आहे: ६४ बीटचे सात भाग, ओपनर, दोन फिगर हेड्सच्या, मधला ब्रेक, दोन फिगर साइड्सच्या, आणि क्लोजर. प्रत्येक फिगरला पार्टनर बदलते, चार फिगर झाल्या की मूळची परत येते. सुरुवातीला गाणं सोपं घ्या आणि शब्द कमी म्हणा, कॉल महत्त्वाचा, ओळ गळली तरी कुणाला कळत नाही.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं आपल्याला आयतं मिळालंय त्यांच्याबद्दल, कारण कॉलर कसा जगतो हे कळलं नाही तर ही हौस सहा महिन्यांत विझते. लॉइड शॉ यांना सगळे पॅपी म्हणायचे, ते कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या शायेन माउंटन शाळेचे प्रमुख होते. पश्चिमेकडचे विरत चाललेले नाच आणि त्यांचे कॉल त्यांनी गोळा केले, शाळेतल्या मुलांना शिकवले, त्यांचा चमू घेऊन देशभर फिरले, आणि १९३९ साली 'काउबॉय डान्सेस' हे पुस्तक काढलं. पण माझ्या दृष्टीने त्यांचं मोठं काम म्हणजे उन्हाळ्यातले वर्ग, तिथे देशभरातून शिक्षक आणि कॉलर येऊन शिकून गेले आणि आपापल्या गावी जाऊन शिकवायला लागले. नाच करणाऱ्यांपेक्षा शिकवणारे घडवा, हे त्यांच्याकडून घ्यायचं.

बॉब ऑसगुड यांनी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसहून 'सेट्स इन ऑर्डर' मासिक सुरू केलं आणि १९८५ पर्यंत चालवलं, सदतीस वर्षं! १९५० मध्ये सँटा मोनिकात रस्त्यावर हजारो माणसं एकत्र नाचली त्याच्या मागेही तेच होते. पुढे नवे कॉल इतके सुटले की नाचणाऱ्यांना एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये गेलं की काही कळेना. त्यातून कॉलरलॅब उभी राहिली, कॉलरांची संघटना, तिचं पहिलं अधिवेशन १९७४ साली सेंट लुइसला झालं. कुठले कॉल कुठल्या पायरीवर शिकवायचे आणि प्रत्येकाची नेमकी व्याख्या काय, हे तिथे ठरतं. आज जपानमध्ये किंवा जर्मनीत गेलात तरी कॉल इंग्रजीतच असतात आणि अलमांड लेफ्टचा अर्थ तोच असतो, त्याच्या मागे ही समित्यांमध्ये बसलेली माणसं आहेत. तुम्हीही शिकाऊ म्हणून नाव नोंदवा, कॉलर स्कूलची माहिती तिथे मिळते, आणि गाण्यांच्या लायसन्सचं आणि विम्याचं काम पण त्यांच्यामार्फत होतं.

आणि मार्शल फ्लिपो, टेक्सासमधल्या अ‍ॅबिलीनचे. मिसुरीतल्या कर्कवुड लॉजला चाळीसहून जास्त सीझन कॉल दिले आणि उरलेले महिने गाडीतून गावोगाव. त्यांचं रेकॉर्डिंग मिळालं तर ऐका, कुठे घाई नाही, कुठे मोठेपणा नाही, समोरच्यांशी गप्पा मारल्यासारखं. न्यू हॅम्पशायरच्या राल्फ पेज यांचं पण नाव घ्यायला हवं, जुन्या न्यू इंग्लंडी नाचांसाठी १९४९ पासून त्यांनी स्वतःचं मासिक चालवलं.

ही झाली मोठी नावं. बाकीचे बहुतेक कॉलर दिवसा नोकरी करतात, संध्याकाळी दोन अडीच तास गाडी चालवून पन्नास माणसांच्या हॉलला जातात, रात्री बाराला परत. आधी ४५ आरपीएमच्या रेकॉर्डच्या पेट्या आणि वेग कमी जास्त करता येणारा जड टर्नटेबल उचलायचा, आता लॅपटॉप आहे एवढाच फरक. मिळणाऱ्या पैशात पेट्रोल निघालं तरी खूप. घरचं माणूस सोबत असेल तर वायरी गुंडाळण्यापासून नवीन माणसाला हाताला धरून उभं करण्यापर्यंत अर्धं काम ते करतं, त्याचं नाव कधी पोस्टरवर येत नाही. तुम्ही या वाटेला लागणार असाल तर घरी आधी बोला, आणि मग दर आठवड्याचा एक वार पक्का देऊन टाका. क्लास सप्टेंबरात सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो, मधे आपण एकदा दांडी मारली की नवखे तीनदा मारतात.

शिकवताना नियम एकच ठेवा, हॉलमधल्या सगळ्यात कच्च्या माणसाकडे बघून कॉल निवडा. पक्क्या लोकांना मजा यायला अवघड कॉल लागत नाही, सोपाच कॉल वेगळ्या जागेवरून दिला की ते खूश. प्रत्येकाचं नाव पाठ करा. टिप संपली की आठ जण मधे येऊन हात मिळवतात आणि थँक यू म्हणतात, तेव्हा गाणं लगेच बंद करू नका, तेवढा वेळ त्यांचा आहे.

शेवटचं काम आजच करा. तुमच्या भागात सत्तरी ऐंशीचा एक तरी कॉलर असेल, त्याच्याकडे फोनचा रेकॉर्डर आणि तुमच्या सोंगट्या घेऊन जा. पहिली टिप कुठे दिली, माईक नसताना कसं करायचे, कुणाकडून शिकले, गुंतलेला स्क्वेअर सोडवायची त्यांची स्वतःची युक्ती काय, हे सगळं विचारा. मी विचारायला गेले तेव्हा आमच्या कॉलरनी मला एक खोका दिला, त्यात शेकडो कार्डं, पेन्सिलने लिहिलेले तुकडे, काही पुसून परत लिहिलेले, आणि बऱ्याच कार्डांच्या मागे कुठल्या हॉलला, कुठल्या तारखेला दिलं आणि किती स्क्वेअर फुटले ते. मी रोज रात्री पाच कार्डं सोंगट्यांवर तपासते आणि टाइप करते, आत्ता ११२ वर आहे.