मराठी मथळ्याची अक्षरं चिकटतात? ठळक फॉन्ट वापरताना या चुका टाळा

अक्षरं हातभर मोठी, तरी फ्लेक्स दुरून वाचता येत नाही. मग खापर फुटतं फॉन्टवर. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट घ्या. जाड वजनातही (वजन म्हणजे अक्षराच्या रेषांची जाडी) अक्षराच्या पोटातली पांढरी जागा शाबूत राहील अशीच त्यांची आखणी आहे. ती जागा बुजवतो आपण.

पहिला गुन्हेगार म्हणजे बोल्डचं बटण. मूळ 'बालू' एकाच वजनाचा, आधीच गलेलठ्ठ. त्यावर बटण दाबलं की सॉफ्टवेअर रेषा नुसत्या फुगवतं आणि 'श्रद्धांजली'तल्या 'द्ध'चा गोळा होतो. त्याच्याच पुढच्या आवृत्तीत, 'बालू २'मध्ये, ४०० ते ८०० अशी पाच वजनं आहेत (आकडा मोठा तितकं अक्षर जाड), 'मुक्ता'त २०० ते ८०० अशी सात. यादीतूनच वजन निवडा. वेबसाइटवर ७०० ची फाइल जोडायची राहिली, तर ब्राउझरही असाच खोटा बोल्ड बनवतो. (शुभेच्छुकांची सगळी नावंही ८०० मध्येच हवीत, असा गिऱ्हाइकाचा हट्ट असतो. तिथे ४०० पुरे.)

दुसरी चूक आउटलाइनची. अक्षराला पांढरी किनार दिली की इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर ती अक्षराच्या कडेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटतो, म्हणजे निम्मी किनार अक्षरालाच खाते. शिवाय देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. किनार दिल्यावर हे सांधे उघडे पडतात आणि शिरोरेषेवर बारीक उभ्या चिरा दिसतात. उपाय सोपा आहे: मजकूर अंतिम झाला की 'क्रिएट आउटलाइन्स' (अक्षरांचे आकार बनतात), मग पाथफाइंडरमधून 'युनाइट' (आकार एकसंध होतात), आणि किनार मूळ अक्षराच्या मागे ठेवलेल्या प्रतीला द्या. मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल मात्र जपून ठेवा, कारण छपाईच्या आदल्या रात्री नाव बदलतंच.

अक्षरं चिकटली म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नका. रोमन मथळ्याला ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. त्यापेक्षा एक वजन खाली या.

दोन ओळींचा मथळा असेल तर 'गुढीपाडव्याच्या'तल्या 'गु'चा उकार खालच्या 'हार्दिक'च्या रफारावर आदळतोय का, ते पाहा. इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींतलं अंतर इथे पुरत नाही.

वेलांटी भलत्याच अक्षरावर किंवा जोडाक्षर फुटलेलं दिसलं, तर दोष जाडीचा नाही. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या परिच्छेद मेनूत 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा.

'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा मराठी लावून पाहा. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आहे. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ती भाषा बदलताच येतात. नसतील तर, निदान शासकीय कामासाठी, फॉन्टच बदला.