गिटार आणि माउथ ऑर्गन एकत्र कसे वाजवावे

‘दोन्ही वाद्ये वेगवेगळी पक्की करा, मग ती आपोआप जुळतात’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. सुट्या सरावात श्वासाला हातापासून वेगळे राहण्याची सवयच लागत नाही. तीच मुद्दाम लावावी लागते.

सी पट्टीचा १० छिद्रांचा डायटॉनिक (एकाच पट्टीचे सूर असलेला) माउथ ऑर्गन होल्डरमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवायच्या चौकटीत, बसवा, १ नंबरचे छिद्र डावीकडे. मान ताठ ठेवून ओठ टेकले पाहिजेत. हनुवटी पुढे काढावी लागत असेल तर होल्डरच्या दांड्या वर घेऊन स्क्रू घट्ट आवळा. सैल होल्डर वाजवताना दूर सरकतो आणि सूर निसटतो.

आता खरी अडचण. उजवा हात खाली गेला की फुंकले जाते, वर आला की श्वास आत ओढला जातो. हात आणि श्वास एकमेकांना बांधले जातात. मग श्वास बदलताना स्ट्रमिंग (तारा छेडणे) अडखळते, किंवा लांब सूर धरला की हात मंदावतो. वेग वाढवून हे सुटत नाही, उलट मुरते.

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. डावा हात तारांवर नुसता हलकेच टेकवून त्यांचा आवाज बंद करा, कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) धरू नका. एका मात्रेत एकदा खाली, एकदा वर, असे स्ट्रमिंग न थांबता चालू द्या. त्यावर ४ नंबरचे छिद्र चार मात्रा फुंका, मग चार मात्रा ओढा. हाताची लय जराही ढळली नाही तरच पुढे जा. नंतर दोन-दोन मात्रा, मग एक-एक.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि गाठ तिथेच सुटते: श्वास हात वर येतानाही बदला. दीड मात्रा फुंका, दीड मात्रा ओढा, पुन्हा एक मात्रा फुंका. सुरुवातीला डोके गरगरल्यासारखे वाटले तर थांबा. बहुधा तुम्ही फार जोरात फुंकत आहात. ओढण्याचे सूर लांबले की छाती भरते. मधल्या विरामात जादा हवा नाकाने सोडा.

हे जमले की कॉर्ड आणा. सी कॉर्डवर ४-५ नंबरची छिद्रे एकत्र फुंका, जीवर ३-४ ओढा, एफवर ५-६ ओढा. कॉर्ड आणि श्वास एकाच क्षणी बदलताना हात पुन्हा अडकतो. तेव्हा गाणे सोडून सी ते जी एवढाच बदल घोळवा. रेकॉर्ड करून ऐका, कारण वाजवताना लय ढळलेली कळत नाही.

गाणे दुसऱ्या पट्टीत हवे असेल तर कॅपो (गिटारच्या दांड्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावून कॉर्डचे हेच आकार धरा. पट्टी डी होते, आणि मग माउथ ऑर्गनही डीचाच घ्यावा लागतो.