कादंबरीत शेरीफबाई आणताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या छोट्या गावातली विनोदी रहस्यकथा मराठीत लिहायला घेतली की पहिली गफलत ठरलेली: शेरीफला आपला फौजदार समजायचं. वरून बदलीचा हुकूम निघाला आणि बाई हजर झाल्या, असं तिथे नसतं. बहुतेक राज्यांत शेरीफ निवडून येतो, तोही गावापुरता नाही, अख्ख्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा. गावचा पोलीसप्रमुख वेगळा, तो नेमलेला. म्हणजे बाई ज्याची चौकशी करतायत तो त्यांचा मतदार. निवडणुकीत पडलेला उमेदवार त्यांच्याच हाताखाली डेप्युटी असू शकतो. एवढं भांडवल हाताशी असताना बाईंना चिखलात कशाला पाडायचं?

ही दुसरी चूक, आणि जास्त वाईट. पिस्तूल निसटलं, गाडी खड्ड्यात गेली, डेप्युटी गालातल्या गालात हसले. दुसऱ्या प्रकरणात वाचक जांभया देतो. त्यापेक्षा खरा इतिहास बघा. इंडियाना राज्यातल्या लेक काउंटीचा शेरीफ 1933 मध्ये गोळीबारात मारला गेला आणि त्याची बायको लिलियन हॉली शेरीफ झाली. पुढच्या वर्षी दरोडेखोर जॉन डिलिंजर तिच्या तुरुंगात आला. त्याने चक्क सरकारी वकिलाच्या खांद्यावर कोपर टेकवून फोटो काढून घेतला! 3 मार्च 1934 ला तो पळाला, तोही बाईंच्याच फोर्ड गाडीतून. लाकडी पिस्तूल दाखवून पळालो, असं नंतर मिरवायचा. चोरीची गाडी राज्याची हद्द ओलांडून गेली म्हणून केंद्राचाही गुन्हा लागला. पेपरवाल्यांनी खापर बाईंवर फोडलं, पण हसण्यासारखा आहे तो वकिलाचा फोटो.

प्रेताची तपासणी बाईंच्या गळ्यात मारू नका. त्यासाठी कॉरोनर असतो. बऱ्याच ठिकाणी तोही निवडून आलेला, आणि डॉक्टर असलाच पाहिजे असं नाही. गावात अंत्यविधीचा व्यवसाय करणाराही चालतो. इंडियानात तर शेरीफवर वॉरंट निघालं तर ते कॉरोनर बजावतो. खलनायक शोधताय ना?

कथा मध्येच अडकली तर बाईंना कोर्टाची नोटीस द्यायला पाठवा. समन्स बजावणं, घरं खाली करवणं हे शेरीफचंही काम, त्यामुळे कुठल्याही दारात जायला कारण मिळतं. दार उघडणारा आधी नोटिशीवरून भांडेल. त्या भांडणातच, सगळ्यात हशा पिकवणाऱ्या वाक्यात, खुनाचा दुवा दडवा. हसणारा वाचक तिथे सहसा थांबत नाही.